हालहवाल खातं

आमच्या कंपनीत माणसांची तब्येत विचारायला एक माणूस पगारावर ठेवलाय, यावर आमच्या आत्यांचा बरेच दिवस विश्वासच बसला नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. इकडं ढोकीला आम्ही सासूला आत्याच म्हणतो. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"नुसतं 'बरंय का' विचारायचं? आन त्याचा पगार?"

"व्हय, आत्या."

"आन औषध?"

"औषध नाही देत. फक्त विचारतात."

आत्यांनी ज्वारीतला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "मग गावातल्या निम्म्या बायांचा पगार थकलाय म्हन की."

त्या माणसाचा कंपनीतला हुद्दा 'वेलनेस ऑफिसर' असा होता. ते स्वतः हा शब्द तोंडातून काढत नसत. फोन केला की म्हणायचे, "हालहवाल खात्यातून बोलतोय." आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांनी माझी नोकरी वाचवली, हे मी भेटेल त्याला सांगते. त्याच पायी माझी सासू जाता जाता राहिली, हे सहसा सांगत नाही. पण एक सांगून दुसरं झाकून ठेवलं तर तो माणूस अर्धाच राहतो, म्हणून आज दोन्ही सांगते.

सर मूळचे तुळजापूरचे. आमची कंपनी दवाखान्यांची विम्याची बिलं तपासते, तिच्या पुण्याच्या ऑफिसात ते कँटीन आणि बस बघायचे. करोनात सगळे घरी बसले. जेवायला कुणी नाही आणि बसला प्रवासी नाही. या माणसाचं करायचं काय, असा प्रश्न पडला. काढून टाकावं तर जुना माणूस. तेवढ्यात बेंगळुरूच्या मोठ्या ऑफिसातून फर्मान आलं की घरून काम करणाऱ्यांच्या स्वास्थ्याकडं लक्ष द्यायला एक जण नेमा. कुणीतरी म्हणालं, इतकी वर्षं सगळ्यांना खाऊ घालून घरी पोचवायचं काम यांनीच केलं, आता तेच फोनवरून करू देत. सर बाडबिस्तरा घेऊन तुळजापूरला आले आणि तिथून आमच्या सगळ्यांच्या तब्येतीचा कारभार हाकू लागले. त्याच सुमारास कंपनीनं लहान गावांतली माणसं घ्यायला सुरुवात केली आणि धाराशिवला बी.कॉम. झालेली मी ढोकीत बसून पुण्याची नोकरदार झाले.

रोज सकाळी लॅपटॉप उघडला की पडद्यावर चेहऱ्यांची एक रांग यायची, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. आज आपण कसे आहोत त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं, मग काम सुरू. धाराशिव, लातूर, बीडकडची आम्ही माणसं डोळे झाकून हसऱ्यावर बोट ठेवायचो. अंगात ताप असो की घरात मयत, हसरा. त्यामुळं कंपनीतली सगळ्यात सुखी माणसं मराठवाड्यात राहतात असा निष्कर्ष निघाला आणि बेंगळुरूच्या मोठ्या साहेबांनी आमचं जाहीर अभिनंदन केलं. सरांना ते सहन झालं नाही. त्यांनी भर मीटिंगमध्ये आपल्या इकडच्या हिंदीत सांगून टाकलं, "साब, हमारे उधर आदमी सरण पे लेटा तो भी बोलता, ठीक है."

त्यांचा चेहऱ्यावर विश्वासच नव्हता. "चेहरा माणूस धुऊन बसतंय," म्हणायचे, "मागची भिंत कोण धुतंय?" व्हिडिओवर बोलताना ते आमच्याकडं बघतच नसत, आमच्या खांद्यावरून मागं बघत. कालचा कप तिथंच आहे का, दोरीवरचे कपडे वाळून किती वेळ झाला, खिडकी उघडली का. लातूरच्या एका सहकाऱ्याच्या मागं कॅलेंडरचं पान मागच्या महिन्याचंच होतं. सरांनी मीटिंग संपल्या संपल्या त्याला फोन लावला, "मालक, महिना पलटला न्हाय. काय झालंय?" त्याचे वडील गेले होते. त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, सुट्टीही घेतली नव्हती. आम्ही रोज त्याच्याशी बिलांबद्दल बोलत होतो आणि तो रोज हसऱ्यावर बोट ठेवत होता. काही जण मागचं सगळं धूसर करून बसायचे, त्यांना तर फोन ठरलेलाच. "ज्यानं भिंत झाकली त्याचं कायतरी उघडं पडलंय," हे सरांचं निदान, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

मालक हे त्यांचं सगळ्यांसाठीचं संबोधन. वॉचमनही मालक आणि बेंगळुरूचे साहेबही मालक. बायका सगळ्या मालकीण. स्वतः मात्र ते कुठल्याही बैठकीत धड बसलेले दिसले नाहीत. फोन हातात धरून चालत असायचे, त्यामुळं आम्हाला त्यांची हनुवटी आणि वरचा कडुलिंब एवढंच दिसायचं.

तुळजापुरात त्यांच्या गल्लीनं त्यांना केव्हाच वेड्यात काढलं होतं. कारणही तसंच होतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन, घराला कुलूप लावून ते बाहेर पडायचे. महाद्वारापर्यंत जायचे, उभ्या उभ्याच देवीला हात जोडायचे, परत फिरायचे आणि त्याच घराचं कुलूप उघडून आत शिरायचे. ऑफिसला पोचलो. संध्याकाळी पुन्हा कुलूप, पुन्हा चक्कर, मग घरी. मधल्या वेळी डबा खायचा तो पुढच्या खोलीतच. स्वयंपाकघरात जायचं नाही, कारण ते घराकडं आलं. मी एकदा हसत हसत विचारलं तर गंभीरपणे म्हणाले, "घरातनं निघाल्याबिगर ऑफिसला कसं पोचनार, मालकीण?"

मी हसले खरी, पण माझं दुखणं नेमकं तेच होतं. मी घरातून निघतच नव्हते.

'घरीच तर आहे' या तीन शब्दांनी माझा जीव मेटाकुटीला आला होता. शेजारीण बाजारला निघाली की पोरगं माझ्याकडं सोडायची, घरीच तर आहे. गॅसची टाकी आली, घरीच तर आहे. पाहुणे आले की मी चहाला, कुणाची सोयरीक जमली की मी साड्या बघायला. माझ्या नवऱ्याचं स्टँडजवळ ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो दुकानात असला की कुणी त्याला हलवायचं नाही, पण मी पडद्यासमोर बसलेली दिसले की सगळ्यांना वाटायचं ही टीव्हीच बघतेय. कामाला मुहूर्त लागायचा तो सगळ्यांची जेवणं झाल्यावर. चुका व्हायला लागल्या. वरून ताकीद आली. ही नोकरी मला जिवापाड हवी होती. पगार तर होताच, पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं की हे बिल बरोबर आहे का, आणि मी म्हणेन ते खरं धरत होतं. तरीही मी मनातल्या मनात राजीनामा देऊन मोकळी झाले होते. सकाळी हसऱ्या चेहऱ्यावर बोट मात्र ठेवत होते.

सरांचा फोन आला. "मालकीण, तुमच्या मागं रोज नवी माणसं दिसायलीत. काल एक पोरगं ज्वारीच्या कोठीवर चढलं हुतं. परवा एक आजीबाई माझ्याकडंच बघत पान लावत बसल्या हुत्या. घर हाय का स्टँड?"

मला रडूच फुटलं. जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते सगळं त्यांना सांगितलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "घरात मोठं कोन?"

"आत्या."

"बरं. येतो."

आले ते स्कूटरवर, तुळजापूरहून, मागं एक गुंडाळी बांधून. उलगडली तर फ्लेक्स. आमच्या भागात बोअरला पाणी लागलं तरी फ्लेक्स लागतो आणि फीत कापली जाते, पण या फ्लेक्सवर कुणी पुढारी नव्हता. आमच्या आत्या होत्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, हातभर मोठ्या, आणि खाली 'उद्घाटक' म्हणून त्यांचं पूर्ण नाव. फोटो त्यांनी माझ्या नवऱ्याकडून गुपचूप मागवला होता. आधारकार्डाशिवाय आत्यांचा फोटो कशावर छापला गेला नव्हता. त्या फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या आणि किती तरी वेळ पदरच सारखा करत राहिल्या.

मधल्या खोलीत ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागं माझं टेबल होतं. कोठी ते भिंत अशी लाल फीत बांधली. सरांनी शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना निरोप पाठवून बोलावलं, ज्यांच्यापायी मी बेजार होते त्यांना आधी. आत्यांनी नारळ फोडला, फीत कापली. मग सरांनी भाषण ठोकलं.

"आजपासनं ही घरातली जागा न्हाय. सकाळपासनं दिवेलागनीपर्यंत हे कार्यालय हाय. हितं बाई बसलेल्या दिसल्या तरी त्या हितं न्हाईत. त्या कामाला गेल्यात. ज्यांचं त्यांच्याकडं काम आसल, त्यांनी त्या घरी आल्यावर यावं. आन या कार्यालयाच्या प्रमुख आमच्या ह्या मावशी हायेत, फीत कापली त्या."

टाळ्या पडल्या. चहा घेताना आत्यांनी त्यांना विचारलं, "साहेब, तुमच्या घरी कोन कोन?"

"मी आन कुलूप," सर म्हणाले आणि हसले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी हैदराबादला, तिचा रविवारी फोन यायचा. आत्यांनी त्यांच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या सूप घेऊन मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या. कुणी आलं की सांगायच्या, "सून न्हाय घरी. हापिसला गेलीय." समोर मी दिसत असायची. शेजारीण माझ्याकडं बघायची, मी पडद्याकडं बघायची, आत्या सुपाकडं. शेजारीण निमूट परत जायची. पोटच्या लेकीचा फोन आला तरी तेच, "वैनी आल्यावर लाव." चहा आणला तर कोठीवर टकटक करून विचारायच्या, "आत यिऊ का?" आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटून मी कोठीमागून बाहेर आले की विचारायच्या, "आलीस व्हय? दमली आसशील." या प्रश्नानं मला दर वेळी भरून यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, दमली असशील असं कुणी म्हटलं नव्हतं, कारण मी कुठं गेलेच नव्हते.

काम मार्गी लागलं. ताकीद मागं घेतली गेली. सरांनी बेंगळुरूच्या साहेबांना माझं उदाहरण दिलं, फ्लेक्सचा फोटोही दाखवला म्हणे.

आणि मग उन्हाळ्यातली ती दुपार. उसाचे शेवटचे ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्यानं जात होते, त्यांचा आवाज नको म्हणून मी हेडफोन घट्ट लावून मीटिंगला बसले होते. जेवणाच्या सुट्टीला बाहेर आले तर आत्या उंबऱ्यावर नव्हत्या. बाहेरच्या ओट्यावर खांबाला पाठ लावून बसल्या होत्या. अंग घामानं भिजलेलं, चेहरा राखेसारखा, हात छातीवर.

"आत्या!"

त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "झाली सुट्टी?"

पुढचं धड आठवत नाही. नवरा दुकानातून धावत आला, कुणाची तरी जीप मिळाली, धाराशिवचा दवाखाना गाठला. हृदयाचं दुखणं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पण अगदी काठावर. सकाळपासून छातीत कळा येत असणार, बोलल्या नाहीत का? हातभर अंतरावर होते मी. मला स्वतःचा संताप येत होता, सरांचा येत होता, त्या फ्लेक्सचाही येत होता.

सर त्याच दिवशी आले. माझी रिकामी खुर्ची पडद्यावर तशीच दिसत राहिली होती, ती बघून त्यांनी नवऱ्याला फोन केला आणि भर उन्हात स्कूटर काढली. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मला त्यांना बरंच काही ऐकवायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ऐकवलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्यांना भेटू दिलं तेव्हा ते पलंगाशी उभे राहिले.

"मावशी, हाक कामून न्हाय मारली?"

आत्यांचा आवाज बारीक होता, पण उत्तर तयार होतं. "तुमीच तर म्हनलाव साहेब, ती तितं न्हाय म्हनून. न्हाय त्या मानसाला हाक कशी मारावं?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. त्यांनी आयुष्यात कुठल्याही कामाची एवढी इज्जत राखली नव्हती, जेवढी त्या कोठीमागच्या ऑफिसची राखली. सर स्टुलावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. "चूक माझी हाय," म्हणाले, "लई मोठी चूक हाय. म्या दार लावून दिलं आन कडी कुठं हाय ते सांगितलंच न्हाय." आत्याच त्यांचा हात थोपटत राहिल्या.

आत्या घरी आल्या, हिंडू फिरू लागल्या, तसे सर पुन्हा आले. फ्लेक्स वगैरे काही नव्हतं. म्हणाले, "मावशी, आता एक नवीन काम. रोज एकदा सुनंला हाक मारायची. तिची मीटिंग चालू आसताना. काय बी काम नसताना."

"येड्यावानी? काम न्हाय तर कामून वरडू?"

"कामाच्या वक्ताला आवाज फुटत न्हाय, मावशी. गळ्याला सवय पायजे."

तालीम झाली. सर माझ्या खुर्चीत, कानाला माझे हेडफोन, म्हणजे ते मी. आत्या ओट्यावर. आत्यांनी कुजबुजल्यासारखं केलं, "अगं..."

"न्हाय आलं ऐकू," कोठीमागून आवाज.

"अगं ए..."

"न्हाय."

शेजारणी गोळा झाल्या, हसायला लागल्या. आत्या लाजून लाल झाल्या. सून कामात असताना तिला हाक मारायची म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं. शेवटी कुणी काही तरी चिडवलं आणि त्यांनी रागानं अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारून वळून पाहिलं. सर हेडफोन भिरकावून धावत बाहेर आले. "काय झालं, मावशी?"

"काय न्हाय," आत्या म्हणाल्या, आणि त्या दोघांना जे हसू आलं ते थांबेना.

सरांनी मग तो नियम सगळ्या कंपनीला लावला. घरच्या माणसानं दिवसातून एकदा विनाकारण हाक मारायची, आणि हाक आली की मीटिंग कुणाचीही असो, माफी न मागता उठायचं. बेंगळुरूच्या साहेबांनी शिस्तीचा मुद्दा काढला. सर म्हणाले, "मालक, शिस्त शाबूत ऱ्हाईल, मानूस बी ऱ्हाऊ द्या." काही महिने आमच्या मीटिंगांमध्ये अधूनमधून कन्नड, तेलुगू, मराठी हाका यायच्या, कुणी तरी उठून जायचं, परत येऊन बसायचं. मला त्या हाका फार आवडायच्या. परका माणूसही आपल्या घरातलाच वाटायचा.

पुढं पुण्याचं ऑफिस उघडलं, निम्मी माणसं परत गेली. आमच्यासारखे लांबचे घरूनच राहिले. खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा कंपनीनं चेहऱ्यांची रांग ठेवली आणि सरांना काढलं. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. आम्हा सगळ्यांना एकेक फोन करून गेले, एवढंच.

निरोपाची मीटिंग ठेवली होती. मोठ्या साहेबांनी इंग्रजीतून छान बोलायला सुरुवात केली. सर आपल्या अंगणात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. आज चालत नव्हते. सारखं "थँक्यू, थँक्यू" म्हणत होते आणि ते मला बघवत नव्हतं.

एवढ्यात ओट्यावरून हाक आली, "अगं एऽऽ! ऐकतीस का!"

मी उठले. "काय झालं, आत्या?"

"आज साहेबांचा शेवटचा दिस न्हवं?"

"व्हय."

"मग उद्यापासनं त्यांनला हाक कोन मारनार?"

आत्या खांबाला धरून उठल्या, माझ्यामागून कोठीपाशी आल्या आणि लॅपटॉपसमोर वाकल्या. "कुठं बोलायचं?" मी आवाज चालू करून दिला. मोठे साहेब अजून बोलतच होते. आत्यांनी ओट्यावरून मारतात तेवढ्याच जोरात हाक मारली, "ओ साहेऽऽब!"

मोठे साहेब थांबले. सरांच्या हातातला फोन हलला, नुसतं आभाळ दिसायला लागलं, चेहरा दिसेना.

"उद्या बी मारनार हाय म्या," आत्या म्हणाल्या. "परवा बी मारनार हाय. ओ द्यायचं बगा."

पडद्यावर अजून आभाळच होतं. मग गल्लीत खेळणारं पोर आईला देतं तसा, मोकळ्या गळ्यानं आवाज आला, "ओऽऽ, मावशी."